लाल चकतीचा टाइमर, आठ महिने वापरून झाल्यावर

पाचपैकी साडेतीन स्टार. आधी चार देणार होते, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

लेक आठ वर्षांचा आहे, ऑटिझम (स्वमग्नता) आहे, बोलतो पण त्याच्या हिशोबाने बोलतो. आणि आमच्या घरात दिवसातून दहा वेळा जी लढाई व्हायची ती सगळी एकाच गोष्टीवरून, हातातलं काम सोडून दुसऱ्याला लागायचं यावरून. टॅब ठेवून आंघोळीला जा, मग आंघोळीतून बाहेर ये (एकदा आत गेला की बाहेर यायचं नसतं), ब्लॉक्स आवर, बूट घाल, चल. "टॅब ठेव" या दोन शब्दांवर जो आरडाओरडा सुरू व्हायचा तो शेजाऱ्यांनाही पाठ झाला होता. ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या, रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणाऱ्या) ताई म्हणाल्या व्हिज्युअल टाइमर आणून बघा. मी मनात म्हटलं घरात तीन घड्याळं आहेत, दोघांच्या फोनवर टाइमर आहे, आता हे आणखी एक डबडं कशाला. पण त्या दिवशी इतकी थकलेली होते की कोणी चंद्रावरची माती आणून बघा म्हटलं असतं तरी आणली असती.

तर वस्तू काय आहे. तळहातापेक्षा जरा मोठा चौकोनी डबा, पुढे घड्याळासारखी तबकडी, मध्ये एक खुंटी. ती फिरवली की लाल चकती बाहेर येते, वीस मिनिटं लावली तर तबकडीचा एक तृतीयांश भाग लाल, आणि मग ती लाल जागा हळूहळू कमी होत जाते, संपली की वेळ संपली. एवढंच. जास्तीत जास्त साठ मिनिटं लावता येतात. शेवटी बीप वाजतो, तो मागच्या बटणाने बंद करता येतो, आणि हे बटण आहे की नाही हे घेताना आधी बघा कारण सगळ्यांना नसतं.

या प्रकारचा जो मूळ, टाइम टायमर नावाचा, तो जॅन रॉजर्स नावाच्या एका अमेरिकन आईने १९९० च्या दशकात काढला, तिची लहान मुलगी सारखी "अजून किती वेळ?" विचारायची म्हणून. म्हणजे हे काही कुठल्या लॅबमध्ये वगैरे जन्मलेलं यंत्र नाही, वैतागलेल्या आईने केलेला जुगाड आहे, आणि हे कळल्यावर मला त्या डब्याबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. आता त्याच धर्तीचे ढिगाने निघालेत. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, नावं लिहीत नाही, कारण एकाबद्दल वाईट लिहिणार आहे.

ते वाईट आधीच सांगून टाकते. पहिला जो घेतला तो टिकटिक करायचा. आपल्याला ऐकूही येणार नाही इतकी बारीक टिकटिक, मला तर कान लावल्यावर ऐकू आली. लेकाला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायची. पहिल्याच संध्याकाळी दोन्ही हात कानावर, आणि टाइमर सोफ्याखाली. आवाज, उजेड, स्पर्श हे अशा मुलांना कमी किंवा जास्त जाणवणं हे काही नखरे नाहीत, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, ते ऑटिझमच्या निकषांमध्येच घातलंय, पण ऑटिझमच्या मुलांसाठी म्हणून डबा विकणाऱ्याला ते माहीत नसावं ही गंमत आहे. शिवाय तो तीस मिनिटं लावला की बत्तीस मिनिटांनी संपायचा. हे मला कसं कळणार होतं, लेकाने भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि जाहीर केलं की हा खोटा आहे. त्या दिवसापासून त्या टाइमरचं नाव "खोटा". तो अजून आहे, माळ्यावर.

दुसरा मात्र आवाज न करणारा, वेळेला पक्का, किंमत जास्त पण ती वसूल झाली. त्यातही साहेबांनी एक चूक काढलीच. या टाइमरवर आकडे घड्याळाच्या उलट दिशेने लिहिलेले असतात, शून्य वर आणि पंधरा डावीकडे, जिथे घड्याळात नऊ असतात तिथे. कारण लाल चकती घड्याळाच्या काट्यासारखी फिरत शून्याकडे येते. आता ज्या मुलाने तीन महिने घालवून घड्याळ शिकलंय आणि ज्याच्या जगात पंधरा मिनिटं म्हणजे उजवीकडे हे कोरलं गेलंय त्याला तुम्ही डावीकडचा पंधरा दाखवताय. दोन दिवस त्याने त्या डब्याकडे पाठ करून ठेवली. शेवटी मी आकड्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली, नुसती लाल जागा दिसू दिली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. तुमचं मूल घड्याळ वाचणारं असेल तर हे आधी लक्षात घ्या, नसेल तर काहीच अडचण नाही, उलट घड्याळ न येणाऱ्या मुलांसाठीच ही वस्तू खरी.

आता उपयोग होतो का. होतो. आणि का होतो यावर मी बराच विचार केला कारण फोनवरच्या टाइमरने शून्य उपयोग झाला होता.

आपण मोठी माणसं वेळेच्या बाबतीत किती सर्रास खोटं बोलतो ते हा डबा घरी येईपर्यंत मला कळलं नव्हतं. "दोन मिनिटं थांब", "आलेच", "पाचच मिनिटं हं", "आत्ता जाऊ". यातल्या एकाही वाक्यात खरी मिनिटं नसतात. दुसरं मूल त्यातला सूर ओळखतं, आई फोनवर आहे म्हणजे दोन मिनिटं म्हणजे वीस, हे त्याला आपोआप कळतं. माझ्या लेकाला शब्द म्हणजे शब्द. दोन मिनिटं म्हणजे एकशेवीस सेकंद, आणि तो मोजतो. एकशेएकविसाव्या सेकंदाला मी फोनवरच असेन तर त्याच्यासाठी मी खोटं बोललेय. आणि उलटही, "पाच मिनिटांनी टॅब बंद" म्हणून मी तीन मिनिटांनीच घाई झाली म्हणून बंद केला तर तेही खोटंच. मग तो किंचाळतो आणि आपण म्हणतो बघा कसा हट्टी आहे.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा तो गाजलेला लेख लिहिला, त्यातही या मुलांना सगळं जसंच्या तसं राहावं असं किती तीव्रतेने वाटतं ते आलंय. माझ्या मते त्याची दुसरी बाजू अशी की बदल नको असं नसतं, अचानक नको असतं. बदल येताना दिसला तर निम्मी भीती जाते. लाल जागा कमी होताना दिसते, बस. फोनच्या टाइमरमध्ये आकडे पळतात, ०४:५९, ०४:५८, त्यातून किती उरलं ते पोटात कळत नाही, आणि मग एकदम जोरात वाजतं, म्हणजे पुन्हा अचानकच. दिसणाऱ्या गोष्टींवर भर द्यायची ही पद्धत नवीन नाहीच, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्यांसाठी टीच (TEACCH) नावाचा कार्यक्रम चालवला, १९७२ पासून तो राज्यभर आहे, त्यात दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक, कुठे काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार, सगळं डोळ्यांना दिसेल असं मांडतात. टाइमर हा त्यातला एक तुकडा. नुसता तुकडा आणून पूर्ण गाडी चालेल असं समजू नका, आम्ही समजलो होतो.

कारण पहिला आठवडा फार वाईट गेला. टाइमर लावला, लाल संपली, टॅब घेतला, मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबाच सुटणं. तेच. फक्त आता टाइमरही फेकला गेला. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, लाल संपल्यावर पुढे काय ते त्याला कुठे दिसतंय? बरोबरच होतं. मी त्याला फक्त शेवट दाखवत होते. मग टाइमरच्या शेजारी दोन चित्रं लावायला लागलो, आधी हे मग ते, टॅब आणि मग झोका. पहिले पंधरा दिवस मुद्दाम लाल संपल्यावर त्याच्या आवडीचंच काहीतरी ठेवलं, आंघोळ, अभ्यास असली नावडती कामं नाहीच. लाल संपणं म्हणजे काहीतरी हिसकावलं जाणं नाही हे आधी बसू दिलं. सतराव्या की अठराव्या दिवशी, मी स्वयंपाकघरात होते, लाल संपली, आणि मी जायच्या आधी त्याने स्वतः टॅब उलटा करून टेबलावर ठेवला. उलटाच का ते माहीत नाही. आजही उलटाच ठेवतो. मी गॅस बंद करून दारात उभी राहिले आणि काहीच बोलले नाही, कारण शाब्बास म्हटलं की त्याला आवडत नाही, दचकतो.

बरं, त्याचे उद्योगही सांगायला हवेत. तिसऱ्या आठवड्यात त्याला शोध लागला की खुंटी फिरवली की लाल वाढते. मग काय, टॅबची वीस मिनिटं पाऊण तास चालायची आणि मला वाटायचं वेळ किती सावकाश जातोय आज. रागवायला हवं होतं, पण मला हसूच आलं, कारण ऑटिझमवाल्या मुलांना लबाडी जमत नाही असं मला एका शहाण्या माणसाने सांगितलं होतं. आता टाइमर उंच फळीवर असतो, दिसतो पण हात पुरत नाही. खुंटीवर झाकण असलेली मॉडेलं मिळतात, मिळाली तर तीच घ्या.

दुसरं म्हणजे काही दिवस तो टाइमरच बघत बसायचा. खेळायला वीस मिनिटं दिली तर वीस मिनिटं लाल चकतीकडे टक लावून. खेळ राहिला बाजूला. हे चांगलं की वाईट मला ठरवता येईना, शांत होता, पण ते म्हणजे तिकीट काढून सिनेमाला जायचं आणि बाहेरच्या पाटीकडे बघत बसायचं. टाइमर त्याच्या नजरेच्या जरा बाजूला ठेवल्यावर ते कमी झालं. आणि शेवटची लाल चिरी राहिली की त्याचा श्वास वाढायचा, हे अजूनही कधीकधी होतं. ज्या मुलांना मुळातच काळजी जास्त असते त्यांना संपत जाणारी वेळ बघणं त्रासाचंही होऊ शकतं, तेव्हा सगळ्यांना लागू पडेल असं अजिबात नाही.

आणि बॅटरी. हा प्रसंग मी विसरणार नाही. रविवार संध्याकाळ, पंचवीस मिनिटं लावलेली, साधारण सात मिनिटांची लाल उरली आणि टाइमर थांबला. आम्हाला कळलंच नाही. त्याला कळलं. तो वाट बघत होता, लाल हलत नव्हती, तो अजून वाट बघत होता, आणि मग जे रडणं सुरू झालं ते हट्टाचं नव्हतं, घाबरलेलं होतं, जणू सूर्य मधेच अडकलाय आणि घरातले सगळे टीव्ही बघतायत. सव्वा तास गेला. बॅटरी बदलली तरी तो त्या लाल चकतीवर बोट ठेवून हलते का बघत होता, झोपताना सुद्धा. कमी बॅटरीची काहीच खूण या वस्तूला नाही, साधा एक दिवा लावायला काय झालं होतं. अर्धा स्टार गेला तो याच्यासाठी.

आता शाळा, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

घरी जमतंय म्हटल्यावर अजून एक टाइमर आणून शाळेत दिला. शाळेचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत, आणि पुढे त्यांनी जे केलं तेही सांगणार आहे. त्याच्यासोबत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याला मदत करणारी वेगळी शिक्षिका, असते अर्धा दिवस. ठरलं असं की लिखाणाला दहा मिनिटं लाल, मग पाच मिनिटं मागच्या कोपऱ्यात ब्रेक. तीन आठवडे छान गेले. मग वर्गशिक्षिका रजेवर गेल्या, बदलीवर दुसऱ्या बाई आल्या, आणि साधारण त्याच सुमाराला लेकाने घरचा टाइमर लपवायला सुरुवात केली. एकदा उशीखाली. एकदा मळक्या कपड्यांच्या टोपलीत, अगदी तळाला, पालथा. मला वाटलं कंटाळला. का लपवतोस विचारून उपयोग नसतो, "का"ला त्याच्याकडे उत्तर नसतं. मी नुसता टाइमर हातात धरून शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "लाल म्हणजे खुर्ची."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन कळलं ते असं. श्रुतलेखनाच्या तासाला हा पेन्सिली फेकायचा. बाईंनी टाइमर बघितला, त्यांना वाटलं हा शिक्षेसाठीच दिलाय, फळ्याजवळ एक खुर्ची ठेवली, वर्गाकडे तोंड करून, आणि लाल संपेपर्यंत इथे बस. दहा मिनिटं. कधी पंधरा. रोज.

मी रागाने थरथरत होते, पण बाईंचंही ऐकून घेतलं, कारण चाळीसेक मुलांचा वर्ग, यांना ऑटिझमबद्दल कोणी कधी काही सांगितलेलं नाही, हातात एक टाइमर दिलाय आणि सोबत चिठ्ठीही नाही. चिठ्ठी न देणं ही माझी चूक. त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी फार महत्त्वाची होती, "खुर्चीवर बसवूनही पेन्सिली फेकणं कमी नाही, वाढलंच." वाढणारच! त्याला श्रुतलेखन नको होतं, पेन्सिल फेकली की श्रुतलेखन टळतं, म्हणजे शिक्षा म्हणून आपण त्याला हवं तेच देतोय. थेरपीवाले हेच तर कंठशोष करून सांगतात की वागणं थांबवायच्या आधी ते कशासाठी चाललंय ते बघा, लक्ष हवंय, वस्तू हवीय, कशातून तरी सुटायचंय, की शरीरालाच ते बरं वाटतंय. सुटायला बघणाऱ्या मुलाला बाहेर काढणं ही शिक्षा नसते, बक्षीस असतं. फक्त ते बक्षीस त्याला सगळ्या वर्गाच्या नजरेसमोर बसून मिळत होतं, म्हणून तास टळल्याचं सुख वर्गात आणि खुर्चीची भीती घरी, असं दोन्ही एकदम चालू होतं आणि मधल्या मधे माझा टाइमर बदनाम झाला.

मग शॅडो टीचरने आठवडाभर वहीत टिपलं, कधी फेकतो, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. सगळी फेकाफेक श्रुतलेखनातच, आणि तीही सहाव्या सातव्या शब्दाच्या आसपास, आधी नाही. म्हणजे पाच शब्द जमत होते! तेव्हा पाच शब्द, आणि "ब्रेक" लिहिलेलं एक कार्ड त्याच्या बाकावर, नको झालं की ते उचलून द्यायचं, पेन्सिल फेकायची गरज नाही. खुर्ची बंद. सुरुवातीचे चार दिवस फेकणं आणखी वाढलं, ते वाढतंच, जुना उपाय चालेनासा झाला की मूल आधी तोच जोर लावून करून बघतं, आणि नेमकं त्याच वेळी लोक म्हणतात बघा काही उपयोग नाही. दुसऱ्या आठवड्यात उतरलं. आता दहा शब्दांपर्यंत आलाय. त्या बाईंनीच आणलं त्याला तिथपर्यंत, बदलीवरच्या, हे मुद्दाम लिहितेय.

वर्गशिक्षिका परत आल्या तेव्हा त्यांनी जे केलं ते मला सुचलंच नसतं. टाइमर त्याच्या बाकावरून उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवला, सगळ्या वर्गासाठी. गणितं सोडवायला एवढी चकती, डबा खायला एवढी चकती. एक तर तो "त्याचा" टाइमर राहिला नाही, आणि दुसरं म्हणजे निम्म्या वर्गाला तो हवाच होता. वर्गासाठी मात्र नवा, निळ्या चकतीचा घेतला, कारण लाल आता वाया गेली होती. शाळेत द्यायचा असेल तर माझं ऐका, मागे कागद चिकटवून द्या: हा टाइमर शिक्षेसाठी नाही. ठळक अक्षरात. मी तसा चिकटवलाय.

घरचा लाल टाइमर परत वापरात यायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यात तो फक्त झोक्यासाठी आणि गादीवर उड्या मारण्यासाठी लावला, दुसऱ्या कशासाठी नाही, आणि पहिले काही दिवस तर लाल संपली तरी झोका चालूच ठेवला. वस्तूला लागलेला डाग धुवायला वस्तू बिघडवायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागतो.

आमच्या सासूबाईंचं मत पहिल्यापासून असं की हे सगळे चोचले आहेत, त्यांच्या वेळी एक धपाटा दिला की पोरं सरळ. मी वाद घालणं सोडलंय. एकदा मात्र सांगितलं की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्टच म्हटलंय की मारणं, ओरडून लाज काढणं याने लांबचा फायदा होत नाही, नुकसान होतं, आणि ते सगळ्याच मुलांबद्दल म्हटलंय. त्या म्हणाल्या अमेरिकेत म्हणतील. पण गंमत बघा, घरात टाइमर सगळ्यात चांगला कोण वापरतं तर त्याच. कारण त्या वेळेच्या भयंकर पक्क्या. दहा म्हणजे दहा. लाल संपली की हातातलं ठेवून उठतात, "चल रे, संपली." मी अजून "थांब हं एक मेसेज" करते, नवरा तर लाल संपल्यावर आणखी पाच मिनिटं देऊन टाकतो लाडाने आणि मग दुसऱ्या दिवशी मी भोगते. लेक आजीशी सगळ्यात कमी भांडतो. यात काय ते समजून घ्या.

तर घ्यावा का. तुमचं मूल एका कामातून दुसऱ्यात जाताना अडकत असेल, घड्याळ नीट येत नसेल, आणि घरातली मोठी माणसं लाल संपल्यावर खरंच उठणार असतील तर घ्या. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलांच्या आयांकडूनही चांगलंच ऐकलंय, आणि ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असणारी मुलं पुष्कळ असतात, २०१३ च्या आधी तर दोन्ही निदानं एकत्र लिहायचीही सोय नव्हती. मूल मेल्टडाऊनच्या मध्यावर असताना समोर टाइमर ठेवणार असाल तर मात्र नको, तेव्हा त्याला काही दिसत नसतं, उजेड आवाज कमी करा, शेजारी बसा, बोलू नका. आणि "ही लाल संपायच्या आत आवरलं नाहीस ना तर बघ" असं म्हणायला हवा असेल तर त्याहून नको, ते काम घरातल्या कुठल्याही घड्याळाने होतं. वाळूचं घड्याळ आणि फोनवरचं चकतीवालं अ‍ॅप दोन्ही वापरून झालं. वाळूचं सुंदर दिसतं पण वेळ बदलता येत नाही आणि आमच्याकडे ते चौथ्या दिवशी फुटलं. अ‍ॅप ठीक आहे, पण ज्या स्क्रीनवरून त्याला उठवायचंय त्याच स्क्रीनवर टाइमर, म्हणजे पळवाट दारातच.

आणि खर्च एकाच गोष्टीवर होणार असेल तर टाइमरच्या आधी आईबापांसाठीचं ट्रेनिंग घ्या, कुठल्याही बऱ्या थेरपिस्टकडे मिळतं. २०१५ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, तीन ते सात वर्षांची १८० ऑटिस्टिक मुलं, निम्म्यांच्या आईबापांना २४ आठवडे ऑटिझमची नुसती माहिती दिली, निम्म्यांच्या आईबापांना अवघड वागणं प्रत्यक्ष कसं हाताळायचं ते शिकवलं. आईबापांनी दिलेल्या नोंदींनुसार दोन्हीकडे मुलांचं अवघड वागणं कमी झालं पण शिकवलेल्यांकडे जास्त. मी टाइमर आधी घेतला आणि ट्रेनिंग चार महिन्यांनी, उलट केलं असतं तर पहिला आठवडा आणि ती खुर्ची, दोन्ही टळलं असतं बहुतेक.

आज सकाळचंच सांगते, मी फोनवर होते, त्याला म्हटलं दोन मिनिटं. तो गेला, स्टूल ओढलं, फळीवरून टाइमर काढला (म्हणजे हात पुरायला लागलाय, जागा बदलायला हवी), दोन मिनिटांची लाल लावली आणि माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवली. फोन ठेवायला मला सव्वातीन मिनिटं लागली. टाइमर घेऊन तो परत गेला आणि जाताना म्हणाला, "खोटा."

बॅटरी डब्यासोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते. दोन घ्या.